डोकेखाऊ पाण्यात उतरतो तेव्हा

"डोकं खाऊ नकोस!" हे वाक्य दिवसातून एकदाही ऐकू येत नाही असे मराठी घर आमच्या तरी पाहण्यात नाही. सकाळी डबा भरताना आई म्हणते, संध्याकाळी कामाचा फोन चालू असताना बाबा म्हणतात आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आजी दोघांनाही म्हणते. इथे वाढणाऱ्या मुलांना मात्र हे वाक्य विलक्षण वाटते, कारण ती त्याचा सरळ अर्थ घेतात. डोके खायचे म्हणजे नक्की काय खायचे? आधी केस खायचे का? आपल्या शनिवारच्या वर्गात बालगटाने हा प्रश्न विचारला होता आणि बाईंनी दिलेले स्पष्टीकरण ऐकून बालगट अगदी निराश झाला होता.

त्या सर्व बालमित्रांना कळवण्यास आनंद होतो की, खरोखर डोके खाणारा प्राणी आहे. निदान कागदावर तरी आहे. तो कसा जन्मला, जमिनीखालून समुद्रात कसा गेला आणि आपल्या वर्गात येऊन त्याने काय काय खाल्ले, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम आजी-आजोबांसाठी थोडी माहिती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून हा खेळ निघाला. यात पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राचे सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण गोष्ट पुढे नेतो आणि बाकी सगळ्या जगाचे काम पाहतो. त्याला इंग्रजीत 'डन्जन मास्टर' म्हणतात. आम्ही 'सूत्रधार' म्हणतो, कारण आपल्या नाटकातला सूत्रधार याहून वेगळे काही करत नाही. मारलेली उडी जमली की नाही, फेकलेला भाला लागला की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात, गोष्ट सांगणे आणि सारीपाट यांचे लग्न लावून दिले आहे म्हणा ना.

खेळ निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९७५ च्या वसंतात, त्याच कंपनीच्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेच्या पहिल्याच अंकात गायगॅक्स यांनी 'माइंड फ्लेअर' हा राक्षस आणला. धड माणसासारखे, डोके ऑक्टोपससारखे, तोंडाभोवती चार सोंडा. या सोंडांनी तो माणसाला धरतो आणि त्याचा मेंदू काढून खातो. ब्रायन लम्ली यांच्या 'द बरोअर्स बिनीथ' या कादंबरीच्या मुखपृष्ठावरून ही कल्पना सुचली, असे गायगॅक्स यांनी पुढे सांगितले होते. २०१७ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेच्या दुसऱ्या पर्वात हे नाव आले आणि ज्यांनी कधी फासा हातात धरला नव्हता त्या मुलांनाही ते पाठ झाले.

आपल्या मोठ्या गटाने त्याचे मराठी नाव ठरवायला अर्धा तास घेतला. 'फ्ले' म्हणजे कातडी सोलणे, म्हणून कोणी 'मेंदूसोल्या' सुचवले. ते नारळ सोलणाऱ्या यंत्रासारखे वाटते म्हणून नापास झाले. 'मेंदूभक्षक' हा वर्तमानपत्रातला शब्द वाटला. शेवटी 'डोकेखाऊ' एकमताने पास झाले. त्या शनिवारी घरी जाऊन किती मुलांनी आईबाबांना सांगितले की तुम्ही रोज ज्याचे नाव घेता तो हा, याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही.

आता हा खेळ मराठीच्या वर्गात कशाला, असे काही पालक विचारतील. काहींनी विचारलेही आहे. त्याचे उत्तर असे की, मुले बारा-तेरा वर्षांची झाली की वर्गाला रामराम ठोकतात, हे आपण सगळेच बघतो. सॉकर असतो, बँड असतो, रोबोटिक्स असते. शिवाय त्या वयाला स्वतःचे मराठी स्वतःलाच पुरेनासे होते. घरात जे मराठी चालते ते स्वयंपाकघरातले. जेव, झोप, आवर, दार लाव, हात धुतलेस का. एवढ्या भांडवलावर तेरा वर्षांच्या मुलाने मित्राशी भांडावे कसे, बेत रचावे कसे, थापा माराव्यात कशा? मग तो इंग्रजीत जातो आणि परत येत नाही. म्हणून गेल्या सप्टेंबरपासून महिन्यातले दोन शनिवार, वर्ग सुटल्यावर दीड तास, मोठ्या गटातली सात मुले हा खेळ खेळतात. अट एकच. टेबलावर मराठी. शब्द अडला तर विचारायचा, पण विचारल्यावर तो वापरायचा. सूत्रधाराचे काम आमच्याकडे आले.

पहिले दोन महिने सगळे सुरळीत चालले. गुहा, खजिना, नेहमीचे प्रकार. मग वर्गाची सहल माँटेरे बे ॲक्वेरियमला गेली. कॅनरी रोवर जुन्या सार्डिन माशांच्या कारखान्याच्या जागी हे मत्स्यालय १९८४ साली उघडले. समोरच्या उपसागरात किनाऱ्यापासून जवळच एक प्रचंड दरी सुरू होते, आणि तिचे कडे ग्रँड कॅन्यनच्या तोडीचे आहेत. फरक एवढाच की ही दरी पाण्याखाली आहे. मुलांनी तिचा नमुना पाहिला, मोठा पॅसिफिक ऑक्टोपस पाहिला आणि परतीच्या गाडीतच ठराव झाला: यापुढची गोष्ट समुद्राखाली आणि डोकेखाऊ तिथे पाहिजे.

एक चिरंजीव म्हणाले, "काका, सोप्पं आहे. त्याला कल्ले लावा, पायांना पडदे लावा, झालं."

आम्ही पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर न्यायची वेळ वरचेवर येते. तेव्हा पहिला प्रश्न 'याला नवीन काय लावायचे' हा नसतो. 'जुन्या ठिकाणी याला न मागता काय काय मिळत होते' हा असतो. आम्ही मुलांना तोच प्रश्न फळ्यावर लिहून दिला. जमिनीखाली डोकेखाऊला न मागता काय मिळते? यादी झाली ती अशी: उभे राहायला जमीन, श्वासाला हवा, लपायला अंधार, पोरे वाढवायला डबके आणि भक्ष्य पळून जाऊ नये म्हणून भिंती.

यातल्या डबक्यापाशी पहिली गंमत झाली. पुस्तकातले डोकेखाऊ अंड्यातून बाहेर येतात ते बेडकाच्या पिलांसारखे. ही पिले खाऱ्या पाण्याच्या डबक्यात वाढतात आणि त्याच डबक्यात सगळ्या वसाहतीवर हुकूम चालवणारा एक अवाढव्य मेंदू तरंगत असतो. त्याला आम्ही 'थोरला मेंदू' म्हणतो. मोठे झालेले पिल्लू कैद्याच्या डोक्यात सोडले की साधारण आठवड्याभरात त्या कैद्याचा नवा डोकेखाऊ होतो. हे वाचून एक मुलगी ओरडली, "म्हणजे हा मुळात पाण्यातलाच! तोच जमिनीवर येऊन अडकलाय!" हे आमच्याही लक्षात आले नव्हते.

पण मग समुद्राच्या तळाशी डबके कसे असणार? सगळीकडे पाणीच. इथे निसर्ग मदतीला आला. मेक्सिकोच्या आखातात आणि तांबड्या समुद्राच्या तळाशी खरोखरची तळी आहेत. तिथले पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट आणि त्यामुळे जड असते. ते वरच्या पाण्यात सहजी मिसळत नाही, खोलगट जागेत साचून राहते. त्याला काठ असतो आणि त्या काठावर शिंपल्यांची रांग असते. आत प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे चुकून शिरलेले मासे आणि खेकडे मरतात. समुद्राच्या आत तळे, तेही जीवघेणे! थोरल्या मेंदूची सोय झाली.

चालण्याचा प्रश्न ऑक्टोपसने सोडवला. तो नळीतून पाण्याचा झोत मागे सोडतो आणि स्वतः उलटा पुढे जातो. त्याला तीन हृदये असतात. पोहताना त्यातले मुख्य हृदय थांबते, म्हणून तो लवकर दमतो आणि शक्यतो सरपटतच जातो. आमचा नियम झाला: डोकेखाऊने दोन पाळ्या झोत मारला की तिसऱ्या पाळीला त्याने खडकाला धरून बसायचे. त्याचा तो लांब झगा आणि उंच कॉलर काढून टाकली. ओला झगा घालून पोहणाऱ्याला कोणी घाबरत नाही.

साध्या ऑक्टोपसला सुमारे पन्नास कोटी मज्जापेशी असतात आणि त्यातल्या दोनतृतीयांश त्याच्या बाहूंमध्ये असतात. म्हणजे बाहू थोडाफार विचार स्वतःच करतात. म्हणून आमच्या डोकेखाऊच्या चार सोंडांना चार वेगळे फासे मिळाले. ऑक्टोपसचा मेंदू कडबोळ्यासारखा गोल असून अन्ननलिका त्याच्या मधून जाते, हे ऐकल्यावर तर टेबलावर आनंदाला उधाण आले. खाल्लेला प्रत्येक घास मेंदूतून जातो! डोके खाण्याचा हक्क याच्याइतका दुसऱ्या कोणाला आहे?

मग उजेड आणि आवाज. पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. दोनशे मीटरखाली उजेड अगदी थोडा, हजार मीटरखाली काहीच नाही. पुस्तकातला जांभळट डोकेखाऊ तिथे काळाच दिसणार, म्हणजे दिसणारच नाही. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५००. त्यामुळे माणसाच्या कानांना पाण्यात आवाज आला हे कळते, पण कोणत्या दिशेने आला हे नीट कळत नाही. दिवे मालवून आम्ही टेबलावर टकटक केली आणि म्हणालो, "ओळखा कुठून." सात जणांनी सात दिशा दाखवल्या आणि सगळ्यांना एकदमच एकमेकांना चिकटून बसावेसे वाटले.

भिंती नाहीत, हा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड गेला. पुस्तकात डोकेखाऊ मनाचा एक तडाखा मारतो. तो साठ फूट लांब, शंकूच्या आकाराचा असतो. सपाट नकाशावर हा शंकू काढता येतो. समुद्रात मात्र वरही मोकळे आणि खालीही मोकळे. आम्ही प्रत्येक सोंगटीखाली लेगोचे ठोकळे लावून खोली मोजू लागलो. एक ठोकळा म्हणजे दहा मीटर, आणि दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. मग टेबलावर काय ऐकू येऊ लागले? 'वर', 'खाली', 'तिरपा', 'पलीकडून', 'तळाशी', 'कपारीत', 'माझ्या मागून पण थोडं वरून'. स्वयंपाकघरात या शब्दांची गरज कधी पडली होती? शस्त्रेही बदलली. २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे पाण्यात तलवार नीट चालत नाही, पण खंजीर, भाला आणि त्रिशूळ चालतात. त्रिशूळ म्हटल्यावर सातही जणांना तोच हवा होता.

एकाने विचारले, "काका, खरंच असं काही असतं का पाण्यात? मेंदूवर ताबा घेणारं?" असते. इथल्या कॅलिफोर्नियाच्या खाडीतल्या किलिफिश नावाच्या लहान माशांच्या मेंदूवर एक परजीवी किडा वस्ती करतो. त्या किड्याला पुढे पक्ष्याच्या पोटात जायचे असते. मग तो मासा पृष्ठभागाशी येऊन लकाकतो, अंग वळवतो, आणि पक्ष्याच्या चोचीत सापडतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मासे पक्ष्यांच्या तोंडी पडण्याचे प्रमाण निरोगी माशांच्या दहा ते तीस पट आढळले. दुसरा एक प्राणी आहे सी स्क्वर्ट. लहानपणी तो पोहतो, तेव्हा त्याला बारीकसा मेंदू असतो. मग तो खडकाला कायमचा चिकटतो आणि आपला मेंदू बराचसा स्वतःच जिरवून टाकतो. "सोफ्यावर बसलेल्या दादासारखा," असे एक धाकटी बहीण म्हणाली. (बातम्यांमधला 'मेंदू खाणारा अमीबा' कोमट गोड्या पाण्यात राहतो, समुद्रात नाही, आणि पाणी नाकात गेले तरच त्रास देतो. तो फार दुर्मिळ आहे. तरीही उन्हाळ्यात तळ्यात उड्या मारणाऱ्यांनी नाकाला चिमटा लावावा, ही सूचना पालकांसाठी.)

किलिफिशची हकीकत ऐकून मुले थोडा वेळ गप्प होती. मग त्यांनी ठरवले की आपला डोकेखाऊ एका फटक्यात मेंदू खाणार नाही. पाण्यात त्याला घाई नाही. तो थोडे थोडे खाईल. आणि आधी काय खाईल? यावर बरीच चर्चा होऊन उत्तर आले: शब्द.

नियम असा झाला. खेळ सुरू होताना प्रत्येकाने बारा मराठी शब्द बारा चिठ्ठ्यांवर लिहायचे. सोंडेचा फटका बसला की सूत्रधार न बघता एक चिठ्ठी ओढतो. तो शब्द गेला. त्या खेळाडूने तो उच्चारायचा नाही. गरज पडली तर दुसऱ्या शब्दांत सांगायचे. एखाद्या सोबत्याने ते वर्णन ऐकून बरोबर शब्द सांगितला, तर चिठ्ठी परत मिळते. पण त्यासाठी सोबत्याला आपली एक पाळी खर्च करावी लागते. म्हणजे तुझा शब्द सोडवायचा तर माझा त्रिशूळ त्या वेळी थांबतो. सर्व बारा चिठ्ठ्या गेल्या की तो खेळाडू किलिफिशसारखा लकाकत वर निघतो.

पहिल्याच दिवशी चौदा वर्षांच्या एका मुलीची 'पायरी' गेली. नेमके तिलाच बुडालेल्या किल्ल्यात पुढे जाऊन मागच्यांना वाट सांगायची होती. ती म्हणाली, "इथे ते आहे... वर जायचं... एक, मग एक, दगडाचं..." हातांनी दाखवू लागली. हात वापरायचे नाहीत असा नियम होता, म्हणून तिने हात मागे घेतले. मग ती हसली आणि म्हणाली, "माझं फोनवर आजीशी रोज असंच होतं. नंतर मी म्हणते, मी बरी आहे, आणि फोन आईला देते."

कोणी काही बोलले नाही. मग टेबलाच्या टोकाला बसलेला सर्वांत लहान खेळाडू, ज्याचा बुटकोजी नावाचा योद्धा स्वतःच दोन सोंडांत अडकला होता, तो ओरडला, "पायरी! मी माझी पाळी देतो. पायरी!" तिला चिठ्ठी परत मिळाली. बुटकोजीचे पुढे दोन शब्द गेले. त्याने तक्रार केली नाही.

तेव्हापासून मुलांच्या खेळण्यात फरक पडला. जो आधी फक्त मारामारीच्या वेळी मान वर करायचा, तोही आता दुसरा काय बोलतो ते कान देऊन ऐकतो, कारण कोणाचा शब्द कधी सोडवावा लागेल सांगता येत नाही. आणि चिठ्ठ्यांवर काय लिहायचे याचाही विचार सुरू झाला. सुरुवातीला सगळे 'पोळी', 'दूध', 'मांजर' लिहीत. आता 'कपार', 'भोवरा', 'ओहोटी', 'हट्ट' येतात. अवघड शब्द गेला तरी फारसे अडत नाही, सोपा गेला तर पंचाईत होते, हे त्यांना आपोआप कळले. एकाने शक्कल लढवून बाराही शब्द आडनावांचे लिहिले. बहुमताने त्याला चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या.

याच सुमारास एका मुलाची आजी मालवणहून आली. वर्ग संपेपर्यंत ती मागे खुर्चीवर विणत बसे. फळ्यावरचे चित्र पाहून तिने विचारले, "हा माकूळ का रे?" मुलांना शब्द नवा होता. मग आजीने माकूळ म्हणजे स्क्विडसारखा प्राणी, तो शाई कशी सोडतो, ती हातावरून जाता जात नाही, आणि तो रव्यात घोळवून कसा तळतात, हे सगळे सांगितले. डोकेखाऊच्या नात्यातले कोणी तळून खाणारी आजी! मुलांनी तिला तत्काळ टेबलाजवळ खुर्ची दिली.

आजीनेच सिंधुदुर्गाची गोष्ट सांगितली. मालवणच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधलेला किल्ला, बांधकामाला १६६४ मध्ये सुरुवात झाली. चहूकडे खारे पाणी, पण आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. मुलांनी आपला बुडालेला किल्ला सोडून असाच उभा किल्ला गोष्टीत घेतला. दोन आठवड्यांनी त्यातल्याच एकीला मत्स्यालयातली गोष्ट आठवली. ऑक्टोपस आणि माकूळ या सगळ्या कुळात गोड्या पाण्यात राहणारा एकही नाही. गोडे पाणी त्यांना सोसत नाही.

पुढचे सांगायलाच नको. साखरबावीचे पाणी पखालीत भरून खाली न्यायचे ठरले. ('पखाल' हा शब्दही आजीचा. कातड्याची पाण्याची पिशवी.) एकाला तरीही शंका आली. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके. डोकेखाऊच्या डोक्यावर ओतले तर ते वरच्या वर निघून जाईल, त्याला लागणारही नाही. मग बेत असा झाला की दोघांनी समोरून त्याला झोत मारायला लावायचे, तिसऱ्या पाळीला तो खडक धरून बसला की बुटकोजीने खालच्या कपारीतून पखाल उघडायची. गोडे पाणी वर चढता चढता त्याला वेढून टाकेल. हा बेत त्यांनी वीस मिनिटे मराठीत आखला. भांडले, नकाशा खोडला, पुन्हा काढला. आम्ही सूत्रधार असून वीस मिनिटांत तोंड उघडले नाही. फाशावर सतरा पडले आणि पखाल उघडली.

एका पालकांनी आम्हाला आपली काळजी बोलून दाखवली होती. डोकी खाणे, माणसांचे राक्षस होणे, हे मुलांच्या मनाला बरे का? काळजी रास्त आहे आणि नवीन नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावरून मोठे काहूर उठले होते. आम्ही एवढेच म्हणू की, आपला बकासुर गाडीभर अन्नाबरोबर रोज एक माणूस खात असे, आणि भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघ-कोल्हे फराळासाठीच अडवत होते. आपण त्या गोष्टी ऐकूनच झोपलो. राक्षस मोठा आहे की लहान, याची मुलांना फारशी भीती नसते. आपल्याबरोबर कोण आहे, हे त्यांना आधी पाहायचे असते. ज्या मुलांना रक्त नको असेल त्यांच्यासाठी आमच्या खेळात रक्त नाही; फक्त चिठ्ठ्या जातात, आणि त्या परत आणता येतात.

आणखी एक प्रश्न एका खेळाडूनेच विचारला. पाण्यात राहून मनावर ताबा घेणारा 'ॲबोलेथ' नावाचा मोठा मासा या खेळात १९८१ पासून आहे. तोच का घेतला नाही? उत्तर त्याच्याच मैत्रिणीने दिले. "तो आधीपासून तिथलाच आहे. त्याला काही शिकावं लागत नाही. आपला डोकेखाऊ नवीन आहे, म्हणून मजा येते."

तूर्त अशी परिस्थिती आहे की एक डोकेखाऊ गेला, पण थोरला मेंदू अजून खाऱ्या तळ्यात आहे आणि त्याच्याकडे आमच्या मुलांच्या नऊ चिठ्ठ्या अडकल्या आहेत. त्यांत 'उशी', 'चुलत' आणि 'परवा' हे शब्द आहेत. 'परवा' गेल्यापासून त्या खेळाडूला गृहपाठ कधी द्यायचा हे सांगणे फार जड जात आहे.

पुढचा खेळ येत्या दुसऱ्या शनिवारी, वर्ग सुटल्यावर, मागच्या खोलीत. अकरा वर्षांवरील कोणीही यावे. जे वर्ग सोडून गेले आहेत त्यांनीही यावे, हजेरी घेतली जाणार नाही. फासे आणि लेगो आम्ही आणू. पेन्सिल, बारा कोऱ्या चिठ्ठ्या आणि थोडा खाऊ घरून आणावा. मालवणच्या आजी मार्चपर्यंत इथे आहेत. इतर आजी-आजोबांनी टेबलाजवळ बसायला मनाई नाही. उलट नऊ शब्द सोडवायचे आहेत, तेव्हा त्यांची गरजच आहे.

— आपल्यातलाच एक पालक